मशीनवरचा हात

ऑक्सिजनची मशीन घरी आली त्या दिवशी माझं कपाट गॅलरीत गेलं. दहा बाय बाराच्या खोलीत एक वस्तू आत आणायची तर दुसरी बाहेर काढावीच लागते. मी बडबड केली, ती कोणी ऐकली नाही. मी सगळ्यावरच बडबडते, त्यामुळे घरात माझ्या बोलण्याला पंख्याच्या आवाजाइतकीच किंमत आहे.

मशीन अण्णांसाठी होती. अण्णा म्हणजे माझे सासरे, कुशाबा राऊळ. वय शहात्तर, त्यातली बारा-तेरा वर्षं गिरणीच्या कार्डिंग खात्यात गेलेली. कापूस पिंजून साफ करायचं ते खातं. तिथे हवेत एवढा कापूस उडायचा की समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, म्हणून सगळे नाकाला फडकं बांधून काम करायचे. गिरणी बंद पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला, पण अण्णांच्या छातीतला कापूस काही निघाला नाही. वर विड्या होत्याच, ते मी लपवत नाही. गेल्या वर्षात तीनदा आयसीयू झालं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले की पुढच्या खेपेला घशात नळी घालावी लागेल आणि ती परत निघेलच असं सांगता येत नाही. अण्णांनी डॉक्टरांपुढे हात जोडले आणि म्हणाले, “आता माका घराक सोडा.”

ते घरी आले आणि त्यांच्यामागोमाग जुई सिस्टर आली. अशा पेशंटना शेवटपर्यंत घरीच सांभाळायला मदत करणारी एक संस्था आहे, तिथली ही नर्स. जेमतेम पंचविशीची, पाठीला सॅक, तीन जिने चढून आली तरी आवाज शांत. मला म्हणाली, “ताई, आजोबांचा दम बरा होणार नाही. पण दम लागल्यावर जी भीती वाटते ना, ती कमी करता येते.” तिने अण्णांना पुढे उशी घेऊन वाकून बसायला शिकवलं. तोंडासमोर छोटा पंखा लावला. मशीनचा काटा दोनवर ठेवला आणि बजावलं की जीव कितीही कासावीस झाला तरी आपल्या मनाने वाढवायचा नाही. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, देवापुढचं निरांजन तिने खोलीबाहेर काढायला लावलं, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत नको. आईंनी ते मुकाट्याने गॅलरीत नेलं. शेवटी जुईने मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. अर्धी गोळी, चार-चार तासांनी.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “ह्याने माणूस जातो ना?”

“एवढ्याशा गोळीने नाही जात. धाप सोसवते, थोडी झोप लागते.”

मला हायसं वाटलं. अण्णांनी मात्र गोळी हातात घेऊन माझ्याकडे परत दिली.

“माका नको. तेना झोप येता.”

“झोप आली तर बरंच की अण्णा. महिना झाला, तुम्ही नीट पाठ टेकलेली नाही.”

“पाळयेर कोण झोपता?”

पाळी म्हणजे गिरणीतली शिफ्ट. मला वाटलं, म्हाताऱ्याला मागचं आठवतंय. पण मग मी नीट पाहिलं. खाटेच्या कडेला बसून त्यांनी डावा पंजा मशीनच्या झाकणावर ठेवलेला होता. मशीन घूं घूं करत होती आणि ते तिच्यावर हात ठेवून जागे होते. जेवताना हात तिथेच, चहा पिताना तिथेच. डोळा लागायला लागला की मान झटकून ते मशीनकडे बघायचे. खोकला आला, सगळं अंग हललं, तरी तो पंजा निघायचा नाही.

आणि रोज सकाळी सातला दहा कमी असताना ते दाराकडे बघायचे.

आमच्याकडे सकाळचं दार उघडंच असतं. वैभव, माझा नवरा, टॉवरमधल्या लिफ्टच्या मेंटेनन्सवर आहे. तो साडेसहाला निघतो, मी गॅलरीत पाणी भरत असते. अण्णा ताठ बसायचे, हात तिथेच ठेवून म्हणायचे, “आनंदा इलो. भायेर उभो आसा. तेका चाय दी गो.”

पहिल्यांदा मी खरंच बाहेर डोकावले. गॅलरीत माझं कपाट होतं आणि आईंचं निरांजन. बाकी कोणी नव्हतं.

“कोण आनंदा?” मी आईंना विचारलं.

आई भाकरी थापत होत्या. त्या उठल्या, पिठाच्या हातानेच त्यांनी दार ढकललं आणि कडी घातली. “दार लावीत जा सकाळचा,” एवढंच म्हणाल्या. सुभद्राबाई राऊळ ही बाई एरवी कशाला घाबरत नाही. चाळीत पाण्यावरून भांडण झालं तर लोक आधी त्या घरात आहेत का ते बघतात. त्या दिवशी त्यांनी कडी दोनदा ओढून पाहिली आणि मला खरी भीती वाटली.

जुईला सांगितलं तर ती म्हणाली, “ह्या आजारात नको तो वायू रक्तात साठतो, त्याने असे भास होऊ शकतात. मी डॉक्टरांना सांगते. तुम्ही वाद घालू नका. कोण आलंय, काय हवंय, ते विचारत जा.” विचारायला माझी हरकत नव्हती. पण अण्णा पुढे काही सांगायचे नाहीत. नुसते दाराकडे बघायचे आणि त्यांचा श्वास आणखी वर जायचा.

मग मी शहाणपणा केला. मी परळच्या एका लॅबमध्ये रिपोर्टच्या काउंटरवर बसते, दिवसाला दीडशे माणसांना कागद देते, त्यामुळे आपल्याला आजारपणातलं कळतं असा माझा समज आहे. एका बुधवारी दुपारी मी अर्धी गोळी बारीक करून पेजेत मिसळली. मीठ थोडं जास्त घातलं. अण्णांनी पेज प्यायली. अर्ध्या तासाने त्यांचे खांदे सैल झाले, मान उशीवर गेली, आणि मशीनवरचा पंजा आपोआप घसरून मांडीवर आला. त्यांचा श्वास इतका हळू चाललेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. आई माझ्याकडे बघून हसल्या. मीही स्वतःवर खूश झाले.

दोन तासांनी अण्णांना जाग आली. त्यांनी आधी स्वतःचा हात पाहिला, मग मशीन पाहिली, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरू शकत नाही. नाकातली नळी ओढून ते उभे राहिले. चार महिने आधाराशिवाय उभा न राहिलेला माणूस दारापर्यंत गेला.

“मी झोपलंय! पाळयेर झोपलंय! आनंदाक बघा कोणीतरी!”

उंबऱ्याशी ते गुडघ्यावर पडले. ओठ निळे, डोळे बाहेर आलेले. मी आणि आईंनी त्यांना ओढत खाटेवर आणलं, नळी लावली. त्यांचा पंजा हवेत मशीन शोधत होता. तो मी धरून झाकणावर ठेवला तेव्हा कुठे ते थांबले.

संध्याकाळी जुई आली आणि तिने मला झाडलं. आवाज न चढवता झाडलं, ते जास्त लागलं. “ताई, विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही. आजोबांचा श्वास संपत आलाय, अक्कल नाही.” मी मान खाली घातली. मला लाज वाटत होती. त्या दिवसापासून अण्णांनी माझ्या हातचं काही घेतलं नाही. मी पाणी पुढे केलं तरी आधी आईंच्या तोंडाकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी आई सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, “आई, आता सांगा. नाहीतर मी परत काहीतरी चुकीचं करीन.”

त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

आनंदा अण्णांच्या गावचा. ह्याच खोलीत राहायचा, जेवायला आईंच्याच हातचं. गिरणीत तो बदली कामगार होता. बदली म्हणजे ज्याला कायमची नोकरी नाही. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर नंबर लागायचा, नाहीतर रिकाम्या हाताने घरी यायचं. अण्णा कायम होते. त्यांच्या खात्यात एक रीत होती. पाळी संपली तरी मशीन सोडून जायचं नाही. पुढचा माणूस यायचा, मशीनवर हात ठेवायचा आणि विचारायचा, ‘बरी चालता?’ आधीचा म्हणायचा, ‘चालता, सांभाळ.’ मगच आधीच्याने हात काढायचा.

“त्या दिवसा हेंची रातपाळी,” आई म्हणाल्या. “सकाळी सातला दहा कमी होते. आनंदाचो नंबर लागलो म्हणान तो आत गेलो, हेंका सोडवूक. हे मशीनीच्या मागे बसान झोपलेले. आनंदान उठवूक नाय. जॉबरान, खात्याच्या मुकादमान, बघल्यान तर हेंची नोकरी जातली, म्हणान गप रवलो. आपणच मशीनीत अडकलेलो कापूस काढूक गेलो. खंयचा काय बिघडला होता ता झोपणाऱ्याकच ठावक. सांगूक कोण जागो होतो?”

मशीनने आनंदाचा हात खांद्यापर्यंत ओढून घेतला. त्याच्या ओरडण्याने अण्णांना जाग आली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तो गेला होता. चोवीस वर्षांचा होता.

“इतकी वर्षं कधी बोलले नाहीत?”

“बोलतले काय?” आईंनी ताट परत पुढे ओढलं. सोडे परत पहिल्यापासून निवडायला घेतले.

त्यानंतरचे तीन दिवस वाईट गेले. अण्णांची मान थकून छातीवर पडायची आणि ते दचकून वर बघायचे. हात मशीनवर. बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं. जुई म्हणाली, आता दिवस मोजकेच आहेत, आणि गोळी न घेता ते गेले तर गुदमरत जातील. तिने त्यांनाही तसंच सरळ सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, नको. मला त्यांना मरणापासून वाचवायचं नव्हतं. त्यांनी झोपून जावं, एवढंच हवं होतं. आणि तेच माझ्या हातात नव्हतं.

दिवस एप्रिलचे होते. आमच्या खालच्या गल्लीत मसाला कुटायची यंत्रं, म्हणजे डंख, आहेत आणि त्या महिन्यात सगळी मुंबई वर्षाचा मसाला करायला लालबागला येते. भाजक्या मिरचीचा ठसका तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. आम्ही खिडकीला ओलं फडकं लावून ठेवलं होतं. त्या सोमवारी मी दूध घेऊन येत होते. खाली कोणीतरी पहाटेपासूनच मिरची भाजायला घेतली होती, म्हणून मी ओढणी नाकातोंडावर घट्ट बांधली होती. जिन्यावरची सैल फळी वाजली, मी वर आले, दार ढकललं.

अण्णा माझ्याकडेच बघत होते. भिंतीवरच्या घड्याळात सातला दहा कमी होते.

“इलंस?” ते म्हणाले.

मला कळलं त्यांना काय दिसतंय ते. नाकाला फडकं, दारात उभं असलेलं माणूस. गप्प राहिले असते तर सोपं होतं. पण एकदा फसवलं होतं, पुन्हा हिंमत नव्हती. मी ओढणी सोडली आणि म्हटलं, “अण्णा, मी दर्शना.”

“ठावक आसा.” श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, “मी काय आंधळो?” आणखी एक श्वास. “बदली इलंस मां?”

माझ्या हातात दुधाची पिशवी होती. आई मोरीपाशी उभ्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली.

“हो अण्णा. बदली आलेय.”

“आधी तेका सांग.” त्यांनी दाराकडे हनुवटी केली. “आनंदाक. आज तेचो नंबर लागलो नाय. घराक जा म्हणा.”

नंबर न लागणं म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. बदली कामगाराला ह्याहून वाईट काही ऐकायला मिळत नसे, असं अण्णाच कधीतरी सांगायचे. मी वळून उंबऱ्यात गेले. रिकाम्या गॅलरीत बोलताना मला वेड्यासारखं वाटायला हवं होतं. तसं अजिबात वाटलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, “आनंदाकाका, आज तुमचा नंबर लागला नाही. तुम्ही घरी जा.”

जिन्यावरची सैल फळी वाजली. मांजर असेल. आमच्या मजल्यावर मांजरं खूप आहेत. आईंनी तोंडावर पदर धरला होता.

मी अण्णांजवळ आले आणि मशीनच्या झाकणावर, त्यांच्या पंजाशेजारी, माझा पंजा ठेवला. मशीन गरम होती. तिची घरघर माझ्या कोपरापर्यंत आली.

“बरी चालता?” मी विचारलं. ह्या घरात येऊन मला वीस वर्षं झाली, पण त्यांच्या बोलीत मी पहिल्यांदाच बोलले.

अण्णांनी मान वर केली. “तुका सोडवूक कोण येतलो?”

“येईल कोणीतरी.”

“चालता,” ते म्हणाले. “सांभाळ.” आणि त्यांनी हात काढला.

बोटं आखडली होती, आईंनी ती एकेक करून सरळ केली. मग अण्णांनी स्वतः गोळी मागितली. आईंनी ती भरवली. मी मशीनवरचा हात काढला नाही. वैभवला आईंनी फोन करून बोलावून घेतलं. अकराला जुई आली, तिने मला तसं बसलेलं पाहिलं आणि शेजारी स्टूल ओढून माझ्या तोंडाशी चहाचा कप धरला. अण्णा झोपले होते. खोल, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. दुपारी सव्वाचारला दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि एकदा पुढचा श्वास आलाच नाही. माझ्या तळहाताखाली मशीन चालूच होती. वैभवने बटण बंद केलं. माझा हात तिथून उचलायला जुईला दोन्ही हात लावावे लागले.

चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस मशीन घेऊन गेला. कपाट आत आलं, त्याच जागी. तेरावं झालं, पाहुणे गेले, मी कामावर जायला लागले.

पण घरघर गेली नाही. काउंटरवर रिपोर्ट देताना माझा डावा पंजा हलतोय असं वाटायचं. मी तो टेबलावर दाबून ठेवायचे. पहाटे मला आपोआप जाग यायची आणि सातला दहा कमी असताना मी कपाटाशी उभी असायचे, पत्र्यावर हात ठेवून. पत्रा थंड असायचा आणि तरीही कोपरापर्यंत सगळं थरथरायचं. वैभव म्हणाला, डॉक्टरला दाखवू. मी त्याला काय सांगणार? मला सोडवल्याशिवाय माझी पाळी संपत नव्हती, आणि ‘येईल कोणीतरी’ हे मी अण्णांना तोंडाला येईल ते बोलले होते. रात्रीची मी झोपेनाशी झाले. डोळा लागला की दचकायचे. अण्णा दचकायचे तशीच.

मे लागला होता. एका सकाळी मी अशीच उभी असताना आई मागून आल्या. खाली मिरची भाजत होते आणि त्यांनी पदर नाकावरून घट्ट बांधून घेतला होता. त्यांनी कपाटावर माझ्या हाताशेजारी स्वतःचा हात ठेवला.

“बरी चालता?”

“आई, मशीन गेली. हे कपाट आहे.”

“माका दिसता. मी इचारतंय, बरी चालता?”

मी पत्र्यावरचा हात काढला नाही. मग त्याच बोलायला लागल्या. कपाटाकडे बघत, हळू आवाजात.

“वैभव म्हयन्याचो होतो. तेका ताप. चार दिवस मी एकटी तेका घेवन बसलंय. मगे मी हेंका म्हटलंय, माझ्यान होणा नाय, आता तुम्ही धरा. आणि मी झोपलंय. हे पोराक मांडयेर घेवन दिवसभर जागे. रातचे तसेच पाळयेर गेले.” त्यांनी श्वास घेतला. “ती झोप माझी, दर्शना. हेंची नाय. तुझी तर नायच. इतकी वर्षं तेंनी सांभाळली, माका एकदा पण बोलूक नाय. आता दी हय.”

मला रडू फुटलं. सासूसमोर मी कधी रडले नव्हते.

“चालता,” मी म्हटलं. “सांभाळा.”

आणि हात काढला. घरघर तिथल्या तिथे थांबली. इतकी एकदम थांबली की माझा तोल गेला. मी खाटेवर, अण्णांच्याच खाटेवर, आडवी झाले आणि झोपले. स्वप्न पडलं नाही, दचकले नाही.

उठले तेव्हा दहा वाजून गेले होते. आई होत्या तिथेच होत्या. बहात्तर वर्षांची बाई, तीन तास एका जागी उभी, हात कपाटावर आणि डोळे दाराकडे. दार सताड उघडं होतं. उन्हाची तिरीप थेट आतपर्यंत आली होती आणि जिन्यावर कोणाचीतरी पावलं वाजत होती, नेहमीसारखीच, शेजारपाजाऱ्यांची.

मी सवयीने उठून दार लावायला गेले.

“लावू नको,” आई म्हणाल्या. “उघडा रवांदे. माका सोडवूक हे येतले.”